पायांचं काम हातांकडे

1980च्या दशकात बाजारात आलेली कायनेटिक होंडा धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या कारखान्यात तयार होत असे. पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडाबरोबर भागीदारी करून ही स्कूटर काढली. तिला गिअर नव्हते, क्लच नव्हता आणि किक मारायचीही गरज नव्हती. बटण दाबलं की इंजिन सुरू. त्या काळातल्या बजाजच्या स्कूटरला डाव्या मुठीत गिअर, उजव्या पायाशी ब्रेक आणि सुरू करायला किक, म्हणजे दोन हात आणि एक धडधाकट पाय लागायचाच. बिनगिअरची गाडी निघाली ती नऊवारी-सहावारीतल्या बायका, वयस्क माणसं, कॉलेजातली मुलं अशा सगळ्यांना सोपी पडावी म्हणून. पण पोलिओने पाय अधू झालेल्या कितीतरी जणांनी अशाच स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवून घेतली आणि ती आपलीशी केली. धार, देवास, इंदूर, कुठल्याही गावच्या बाजारात आजही अशी चार चाकांची स्कूटर दिसते आणि तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. कमरेखाली लकवा असलेला माणूस लहान विमान चालवू शकेल का, या प्रश्नाचा विचार मला या स्कूटरपासून सुरू करावासा वाटतो, कारण दोन्हीकडे मुद्दा एकच आहे. पायांकडे नेमकं कोणतं काम आहे, ते पायांकडेच का आहे, आणि ते हातांकडे द्यायचं तर यंत्राची मांडणी कशी बदलावी लागेल, एवढंच पाहायचं आहे. माझं म्हणणं असं की हा बदल पुरेसा सोपा आहे, जगात तो अनेकदा करून झालेला आहे, आणि तो करायची सगळ्यात योग्य वेळ म्हणजे विमान बांधलं जात असतानाची. म्हणून घरी बांधलेल्या विमानाचा विचार इथे आधी केला पाहिजे.

घरी बांधलेलं विमान ही मराठी माणसाला आता अगदी परकी गोष्ट राहिलेली नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये मिळाली आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याचं चाचणी उड्डाण झालं. धुळे आणि देवास ही दोन्ही गावं एकाच मुंबई-आग्रा रस्त्यावरची. हे विमान पायांनी चालवायचंच होतं, त्यामुळे आपल्या विषयाशी त्याचा संबंध वेगळ्या कारणाने आहे. कारखान्यात तयार झालेल्या विमानात कोणताही बदल करायचा तर मूळ रचना ज्या कागदपत्रांवर मंजूर झाली ती सगळी पुन्हा उघडावी लागतात. एक कंस वेल्ड करायचा तरी मंजूर आराखडा हवा. स्वतः बांधणाऱ्याला मात्र ही मुभा असते की सीट कुठे, दांडी कुठे, थ्रॉटल कोणत्या हाताला, हे तो पहिली नळी कापण्याआधी ठरवू शकतो. बाकी जगात अशी हजारो विमानं उडतात. ज्याच्यासाठी विमान बांधायचं त्याचं शरीर आधी मोजायचं आणि मग सांगाडा उभा करायचा, ही सोय फक्त घरी बांधलेल्या विमानातच मिळते.

आता पायांचं काम पाहू. लहान विमानात हातातली दांडी पुढे-मागे केली की नाक खाली-वर होतं, डावी-उजवीकडे केली की पंख कलतात. पायांखाली दोन पेडल असतात. त्यांनी रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, हलतं आणि पेडलच्या वरच्या भागावर चवड्याने दाबलं की त्या त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. जमिनीवर पुढचं चाकही बहुधा पेडलनेच वळतं. नवख्या माणसाला वाटतं की होडीसारखं विमानही सुकाणूने वळत असेल. तसं ते वळत नाही. विमान वळतं ते पंख कलवल्यामुळे. रडर त्या वळणातली खोट काढतो. डावीकडे वळायला उजव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली जातं, त्या पंखाची उचल वाढते, पण त्याचबरोबर हवेचा विरोधही वाढतो, आणि नाक क्षणभर उलट्या बाजूला, उजवीकडे ओढलं जातं. तो ओढा मोडायला डावं पेडल हलकं दाबायचं. याशिवाय खरी गरज पडते ती चार प्रसंगी: उड्डाणाच्या वेळी पूर्ण ताकदीचा पंखा नाक डावीकडे ढकलतो तेव्हा, आडव्या वाऱ्यात उतरताना, विमान गरगरत खाली येऊ लागलं तर ते थांबवताना, आणि जमिनीवर चालवताना. सरळ उड्डाणात पाय बराच वेळ नुसते टेकलेले असतात. म्हणजे पायांचं काम सतत चालणारं नाही. ते थोडंच आहे आणि ठराविक वेळचं आहे, पण ज्या वेळी लागतं त्या वेळी ते टाळता येत नाही.

या कामाचा पाय आणि पेडल यांच्याशी जन्मजात संबंध नाही, हे एका अमेरिकी अभियंत्याने फार पूर्वी दाखवून दिलं. फ्रेड वाइक यांनी आखलेलं अर्कूप हे दोन आसनी विमान 1937 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि 1940 पासून विकलं जाऊ लागलं. त्यात पेडल नव्हतेच. रडर आणि एलेरॉन आतून जोडलेले होते, पुढचं चाकही त्याच गोल चक्राला बांधलेलं, त्यामुळे मोटारीसारखं चक्र फिरवलं की जमिनीवर आणि हवेत दोन्हीकडे विमान वळे. नाक खाली-वर करणाऱ्या एलिव्हेटरची हालचाल मुद्दाम इतकी मर्यादित ठेवली होती की विमान गरगरण्याच्या अवस्थेत जाऊच नये. आडव्या वाऱ्यात ते तिरकंच उतरायचं आणि मजबूत चाकं जमिनीला लागली की त्याला सरळ करायची. महायुद्धानंतर ते न्यू यॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानातही विकायला ठेवलं होतं; एकूण पाच हजारांहून जास्त अर्कूप तयार झाली. वाइक यांच्या डोळ्यांसमोर अपंग माणूस नव्हता. त्यांना सामान्य माणसाच्या हातून होणारे अपघात कमी करायचे होते. पण पायांनी काहीच करायचं नसल्यामुळे पाय निकामी झालेल्यांना ते विमान आपोआप खुलं झालं. पीथमपूरच्या स्कूटरचीच ही गोष्ट, फक्त चाळीसेक वर्षं आधीची.

अर्कूपचा मार्ग मात्र प्रत्येकाने घ्यावा असं मी म्हणणार नाही. रडर आणि एलेरॉन कायमचे बांधून टाकले की तिरकं घसरत उंची कमी करणं, आडव्या वाऱ्यात एक पंख खाली धरून उतरणं या दोन उपयोगी गोष्टी हातातून जातात. दुसरा मार्ग म्हणजे रडरला स्वतंत्र हात-दांडी देणं. सीटच्या डाव्या बाजूला एक उभी दांडी, तिच्यापासून एक पोकळ नळी, नळीच्या दोन्ही टोकांना बेअरिंगचे सांधे, आणि ती नळी पेडलच्या आडव्या दांड्याला जोडलेली. दांडी पुढे ढकलली की रडर एका बाजूला, मागे ओढली की दुसऱ्या बाजूला. ऐकायला हे अगदी साधं वाटतं. अडचण जोराची आहे. माणसाचा पाय हातापेक्षा किती बळकट असतो हे विमानाच्या जुन्या अमेरिकी नियमांतच दिसतं: थोड्या वेळापुरता दांडीवर पुढे-मागे 60 पौंड, म्हणजे 27 किलो, बाजूला 30 पौंड, पण पेडलवर 150 पौंड, म्हणजे 68 किलो जोर लागला तरी चालेल असं ते मानतात. पायासाठी आखलेला रडर तसाच हाताला जोडला तर ऐन वेळी हात कमी पडेल. तरफेचं तत्त्व शाळेतलंच आहे. पेडलवर 20 किलो जोराने 8 सेंटिमीटर हालचाल लागत असेल, तर हाताचा जोर 10 किलोवर आणायला दांडीची हालचाल 16 सेंटिमीटर करावी लागेल. जोर आणि अंतर यांचा गुणाकार तोच राहतो. आता बसलेल्या माणसाच्या खांद्यापासून हात न वाकवता पुढे किती पोचतो आणि कोपर सीटच्या पाठीला न अडकता मागे किती येतो, हे मोजलं की दांडीची लांबी ठरते. हात पुरत नसेल तर रडरचाच जोर कमी करायचा. त्याच्या मागच्या कडेला रडरच्या उलट दिशेने हलणारी छोटी पट्टी लावून किंवा बिजागरीच्या पुढे थोडा पृष्ठभाग वाढवून ते करता येतं. तयार विमानात हा विचार कोणी करणार नाही. घरी बांधणाऱ्याला तो करता येतो.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तिसरा हात कुठून आणायचा? उजव्या हातात मुख्य दांडी, डाव्या हातात रडर, मग थ्रॉटल कोण सांभाळणार? जगात ठिकठिकाणी याची वेगवेगळी उत्तरं काढली आहेत, त्यातलं एक म्हणजे रडरच्या दांडीच्या डोक्यावरच थ्रॉटल बसवायचं. स्कूटरसारखी फिरती मूठ लावावी असं पहिल्यांदा सुचतं, पण त्यात धोका आहे. जोराने ढकलताना मनगट नकळत फिरतं आणि नको तेव्हा इंजिनचा जोर बदलतो. त्यापेक्षा अंगठ्याने सरकणारी छोटी पट्टी बरी, जी सोडली तरी जागच्या जागी राहील इतकी घट्ट. दिशेचाही विचार हवा. उतरताना विमानाने उसळी घेतली आणि पुन्हा वर जायचं ठरलं, तर एकाच वेळी पूर्ण थ्रॉटल आणि उजवा रडर लागतो, कारण बहुतेक इंजिनांचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि नाक डावीकडे खेचलं जातं. मग दांडी पुढे म्हणजे उजवा रडर, आणि पट्टी पुढे म्हणजे जास्त जोर, असं ठेवलं तर घाईच्या त्या क्षणी डाव्या हाताला एकच गोष्ट करायची राहते: पुढे ढकलणं. पंखा उलट फिरणारं इंजिन असेल तर दांडीची दिशाही उलटी ठेवावी. फ्लॅप आणि ट्रिम विजेवर चालवून त्यांची बटणं मुख्य दांडीच्या मुठीत घेतली की हातांना बाकी काम उरत नाही. रेडिओचं बटणही तिथेच.

ब्रेकचा प्रश्न विमान निवडतानाच निम्मा सुटतो. काही घरगुती विमानांचं पुढचं चाक हातगाडीच्या चाकासारखं मोकळं फिरतं आणि जमिनीवर वळायला डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा दाबावा लागतो. व्हॅन्स कंपनीच्या लोकप्रिय विमानांत अशी रचना आहे. दोन हातांत आधीच दोन दांड्या असताना दोन वेगळे ब्रेक सांभाळणं अवघड आहे. त्याऐवजी रडरबरोबर वळणारं पुढचं चाक घेतलं, तर दोन्ही चाकांना मिळून एकच ब्रेक पुरतो आणि तो मोटारसायकलच्या हँडब्रेकसारखा मुठीपुढच्या लिव्हरने दाबता येतो. आत तोच तेलाचा मास्टर सिलिंडर. शेपटीखाली चाक असलेलं जुन्या पद्धतीचं विमान दिसायला कितीही देखणं असलं तरी इथे टाळावं. जमिनीवर ते सतत फिरून जायला बघतं आणि त्याला वेगवान पायच लागतात.

आतापर्यंत यंत्राबद्दल बोललो. शरीराबद्दल बोललं नाही तर हा लेख फसवा होईल. पॅराप्लेजियामध्ये, म्हणजे कमरेखालच्या लकव्यात, फक्त पाय हलत नाहीत असं नाही. मणक्याची इजा जितकी वर, तितके पोटाचे आणि पाठीचे स्नायूही ताब्यात नसतात. आपण जड वस्तू ढकलतो तेव्हा धड आपोआप ताठ होतं, त्याची जाणीवही आपल्याला नसते. ज्याचं धड स्वतःहून ताठ राहत नाही तो माणूस दांडी जोराने ढकलू लागला तर दांडी जागची हलायच्या आधी तोच मागे किंवा बाजूला कलेल. एरवी तो दुसऱ्या हाताने आधार घेतो, पण इथे दुसराही हात गुंतलेला. म्हणून अशा विमानात खांद्यांवरून येणारे पट्टे आणि सीटचे बाजूचे आधार हे अपघातापुरते नसतात. ते नियंत्रणाच्या यंत्रणेचाच भाग आहेत आणि दांडीच्या नळीइतक्याच काळजीने बसवले पाहिजेत. पायांत अचानक आकडी येते. त्या वेळी पाय पेडलवर पडला तर रडर वैमानिकाच्या विरुद्ध चालेल. त्याच्या बाजूचे पेडल काढून टाकावेत किंवा त्यांवर पत्र्याचं आवरण घालावं आणि पाय मऊ पट्ट्यांनी खाली धरून ठेवावेत. शेजारच्या सीटचे पेडल मात्र राहू द्यावेत, शिकवणाऱ्यासाठी.

मग गादी. ज्याला बसल्या जागी दुखणं कळत नाही, त्याला तासाभरात जखम होऊ शकते, आणि ती भरायला महिने लागतात. व्हीलचेअरवर बरेच जण हवेच्या कप्प्यांची गादी वापरतात. तीच विमानात नेली तर वर जाताना ती फुगत जाते, कारण समुद्रसपाटीपासून 8000 फुटांवर हवेचा दाब तीन चतुर्थांशाच्या आसपास येतो. गादी फुगली की माणूस वर उचलला जातो, पट्टे काचतात, आणि जमिनीवर मापून घेतलेला हात आणि दांडीचा मेळ बिघडतो. जेल किंवा दाट फोमची गादी हवी, आणि दांडीचं माप तिच्यावर बसूनच घ्यायला हवं. माळव्याचा उन्हाळा हा वेगळाच मुद्दा आहे. मे महिन्यात धार-देवासला पारा चाळिशीपार जातो, काचेच्या छताखाली त्याहून जास्त, आणि इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापतं. इंजिनकडून येणारी गरम हवा पावलांवर पडत असेल तरी कळत नाही. पायांपाशी तापमापक लावावा, हवेचा झोत द्यावा, आणि उड्डाणं पहाटेची ठेवावीत.

आत-बाहेर होणं ही गोष्ट उड्डाणापेक्षा जास्त दमवते. व्हीलचेअरची बैठक साधारण 50 सेंटिमीटर उंच असते. पंख खाली असलेल्या विमानात पंखाची मागची कड त्याहून थोडी वर येते; तिच्यावर बसून, हातांवर भार देत मागे सरकत सीटपर्यंत जाता येतं आणि पेट्रोलची टाकीही पंखातच असल्याने इंधन मोजणं, पाणी काढून पाहणं बसल्या जागी होतं. पंख वर असलेल्या विमानात सीट खुर्चीच्या बरोबरीने येते, पण पंखाची तिरकी दांडी वाटेत असते आणि टाकी डोक्यावर. मी बांधणारा असतो तर खालचा पंख निवडला असता आणि त्याच्या मुळाशी पाय ठेवण्याच्या जागेऐवजी सरकायला मजबूत पट्टी दिली असती. घडी घातलेली खुर्चीही बरोबर न्यावी लागते, नाहीतर उतरलेल्या गावी माणूस विमानातच अडकून पडेल. दहा-बारा किलो वजन सीटच्या मागे गेलं की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो, हे हिशेबात पहिल्या दिवसापासून धरायला हवं.

इथेच पहिला आक्षेप येतो: आग लागली तर हा माणूस बाहेर कसा पडणार? आक्षेप खरा आहे, त्याला सबबी सांगू नयेत. पाय चालणाऱ्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागेल. पण त्या वेळेचाही विचार आराखड्यात करता येतो: छत मागे सरकणारं नको, पुढे उघडणारं हवं, पट्टे एका झटक्यात सुटणारे, हाताशी पट्टे कापायची सुरी, वर ओढून उठायला पक्की मूठ, आणि सगळं विमानच हवाई छत्रीने खाली आणणारी यंत्रणा, जिचा खटका हातानेच ओढायचा असतो. शिवाय त्याला बाहेर पडायला नेमके किती सेकंद लागतात हे मोजून घ्यावं, दहा वेळा करून पाहावं. दुसरा आक्षेप असा की घरी बांधलेलं विमान मुळातच धोक्याचं, त्यात हा बदल कशाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये घरगुती विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं ही त्यात मुख्य कारणं दिसली, आणि सुरुवातीच्या उड्डाणांत अपघात जास्त. पायांचा त्यात संबंध नाही. पण याचा अर्थ असाही की नव्या विमानाचं पहिलं उड्डाण ज्याच्यासाठी ते बांधलं त्याने करू नये. आधी अनुभवी चाचणी वैमानिकाने पाय पेडलपासून दूर ठेवून फक्त हात-दांडीने ते उडवावं. अमेरिकेत घरगुती विमानाची साधारणपणे 25 किंवा 40 तास चाचणी घ्यावी लागते. ते तास संपल्यावरच खऱ्या मालकाचा नंबर.

हे सगळं कागदावरचं नाही. ब्रिटनमध्ये दोन्ही पाय गमावलेल्या लढाऊ वैमानिक डग्लस बेडर यांच्या स्मरणार्थ 1983 पासून अपंगांना उड्डाण-शिष्यवृत्त्या दिल्या जातात. अमेरिकेत 2006 मध्ये सुरू झालेली एबल फ्लाइट ही संस्था पर्ड्यू विद्यापीठात हात-दांडी बसवलेल्या स्काय अ‍ॅरो विमानांवर शिकवते. डेव्ह साइक्स या पॅराप्लेजिक ब्रिटिश माणसाने 2011 मध्ये उघड्या मायक्रोलाइटमधून इंग्लंड ते सिडनी एकट्याने प्रवास केला; त्या विमानाला रडरच नसतो, हाताने पंखच हलवायचा. फ्रान्सच्या डोरिन बूर्नतों सोळाव्या वर्षी विमान अपघातात पाय निकामी होऊनही वैमानिक झाल्या आणि 2015 मध्ये त्यांनी पॅरिसच्या प्रदर्शनात हवाई कसरती केल्या. कसरतीत रडर पूर्ण ताकदीने लागतो, म्हणून हे शेवटचं उदाहरण मला जास्त वजनाचं वाटतं.

तरी मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. पुण्याला खडकीत 1974 पासून सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मिग-21 चे वैमानिक एम. पी. अनिल कुमार 1988 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात मान मोडल्यावर तिथेच राहिले, तोंडात पेन धरून लिहीत राहिले, आणि 2014 मध्ये वारले. त्यांचे हातही गेले होते. या लेखातली कोणतीही दांडी त्यांच्या कामाची नव्हती, आणि तसा भास निर्माण करणं अन्यायाचं होईल. पण त्याच जातीच्या इजेची दुसरी टोकाची बाजूही आपल्याकडेच आहे. 1965 च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, केवळ हातांच्या बळावर. मणक्याची इजा या एकाच नावाखाली इतकी वेगळी शरीरं येतात, म्हणून परवाना निदान पाहून नाकारू नये, माणूस प्रत्यक्ष उडवून पाहून ठरवावा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत वैद्यकीय मापात न बसणाऱ्यालाही तज्ज्ञांच्या मतावरून परवाना देण्याची वाट आहे. अमेरिकेत वैद्यकीय उड्डाण चाचणी पास झाल्यावर ‘सिद्ध केलेल्या क्षमतेचं’ पत्र मिळतं आणि पुढे त्याच अपंगत्वासाठी दरवेळी पुन्हा झगडावं लागत नाही. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘वाजवी सोय’ हा शब्द कायद्यात आणला. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा खटकणारा शब्द जाऊन ‘अडॅप्टेड व्हेइकल’ आला. रस्त्यावर हे तत्त्व मान्य आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तेच हवेत मान्य करावं, एवढंच मागणं आहे.

जिथे एसटीत व्हीलचेअर चढत नाही तिथे विमानाची चैन कशाला, असंही कोणी विचारील. बस आणि विमान यांत निवड करायची वेळ कोणावर आलेली नाही, आणि एका माणसाचा हक्क दुसऱ्या हक्काच्या रांगेत मागे उभा करायचा नसतो. शिवाय हात किती पोचतो, किती जोर देतो, धड किती कलतं, गादी किती तापते ही मोजमापं मोटारीला, ट्रॅक्टरला, लेथ मशीनलाही तितकीच लागतात. माळव्यात हे मोजणारे आणि बनवणारे हात आहेत. पीथमपूरला मोटारी तपासायचा 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक 2021 पासून चालू आहे. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आणि त्याभोवतीची कितीतरी छोटी वर्कशॉप आहेत. उज्जैनला दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या अ‍ॅलिम्कोचं केंद्र आहे, आणि उज्जैनच्याच देवास रस्त्यावर एक धावपट्टीही. अकराव्या शतकात धारला राज्य करणाऱ्या भोजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात हलक्या लाकडाच्या, पोटात पारा आणि अग्नी ठेवलेल्या उडत्या पक्ष्याची कल्पना येते. यंत्रांची पूर्ण घडण गुप्त राहावी म्हणून सांगितलेली नाही, असंही तिथे लिहिलं आहे. त्यावरून तेव्हा विमान उडालं असं म्हणता येत नाही. पण निदान गुप्ततेची ती रीत इथे सोडायला हवी. कोणीतरी बसवलेल्या प्रत्येक हात-दांडीची मापं, जोर, मोडलेले सांधे आणि फसलेले प्रयत्न उघडे छापले गेले तरच पुढच्या बांधणाऱ्याची दोन वर्षं वाचतील.

सुरुवातीला विमान लागतही नाही. एक लाकडी चौकट, तिच्यावर खरी सीट, खरे पट्टे, ठरवलेली गादी. डाव्या हाताशी दांडी, तिच्या खालच्या टोकाला रडरच्या जोराइतकी स्प्रिंग, आणि मध्ये भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता तोलकाटा. उजव्या हातात दुसरी दांडी. ज्याच्यासाठी विमान बांधायचं आहे त्याला तिथे बसवायचं आणि उजवी दांडी न हलू देता डावी शेवटपर्यंत ढकलायला सांगायचं, पंचवीस वेळा. काटा किती दाखवतो ते आणि पंचविसाव्या वेळी त्याचा खांदा पट्ट्यातून किती सरकला ते खडूने चौकटीवर लिहून ठेवायचं. मग दुपारी तासभर त्याच गादीवर बसवून पुन्हा तेच.